रक्ताच्या उलट्या होणाऱ्या पेशंटची स्कोपी: त्याआधी श्वासमार्ग कसा सांभाळायचा

हे सगळं लिहायलोय ते खास करून आपल्या मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्ह्यात आणि तालुक्याच्या छोट्या आयसीयूत रात्रपाळी करणाऱ्या मेडिकल ऑफिसर आणि रेसिडेंट पोरापोरींसाठी. रक्ताची उलटी घेऊन येणारे पेशंट आपल्याकडं कमी नाहीत. दारूनं लिव्हर खराब झालेले पस्तीस-चाळिशीचे गडी आहेत, सीझनभर ऊस तोडून पाठ धरली म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणून रोज खाणारे आहेत, हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन चालू असलेले म्हातारे आहेत, आणि मधूनच एखादं कॉलेजचं पोरगं, ज्याचं लिव्हर चांगलं असतंय पण पोर्टल व्हेन (लिव्हरकडं रक्त नेणारी शीर) बंद असल्यामुळं अन्ननळीत व्हेरिसेस, म्हणजे फुगलेल्या शिरा, झालेल्या असतात.

यांच्यात रक्त थांबवायचं काम स्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर बघणं) करणारा करतो, पण स्कोपीपर्यंत पेशंटची फुफ्फुसं कोरडी ठेवायचं काम आपलं आहे. जठरात अर्धा-एक लिटर रक्त साचलेलं असतंय, पेशंट डाव्या कुशीवर झोपवलेला, वरून गुंगीचं इंजेक्शन आणि घशात जाड दुर्बीण, अशात एक मोठी उलटी झाली आणि पेशंट गुंगीत असला की ते रक्त सरळ खाली जातं. म्हणून श्वासनळीत ट्यूब टाकायची का नाही हा निर्णय स्कोपी रूमच्या दाराबाहेर, लाईट चालू असताना, सगळं सामान हाताशी असताना घ्यायचा. आत अंधारात, पेशंट कुशीवर, तोंडात स्कोप आणि सॅच्युरेशन ७० वर आलंय अशा वेळी टाकलेली ट्यूब ही सगळ्यात वाईट ट्यूब.

ट्यूब कुणाला लागते

सगळ्यांना लागत नाही, हे आधी. काही जणांना वाटतं की टाकून दिली की आपण सेफ, तसं नाहीये. सरसकट ट्यूब टाकून फायदा होतो असं आजवरच्या अभ्यासात दिसलेलं नाही, उलट ट्यूब टाकलेल्यांत न्यूमोनिया जास्त दिसलाय. आता ट्यूब मुळात जास्त सिरीयस पेशंटलाच टाकली जाते, त्यामुळं सगळा दोष ट्यूबचा धरता येत नाही हेही खरं, पण जो माणूस नीट बोलतोय, बीपी चांगलंय, उलटी थांबून काही तास झालेत, किंवा नुसती काळी शौच होतेय, त्याला उगाच ट्यूब टाकू नका.

ज्यांना टाकायचीच ते असे. एक, आत्ता आपल्यासमोर ताज्या लाल रक्ताच्या उलट्या चालू आहेत. दोन, शुद्ध हरपायलीय, म्हणजे लिव्हरमुळं गुंगी आलीय, हाक मारली की डोळे उघडतो आणि परत झोपतो, किंवा त्याच्याही पुढं गेलाय. तीन, इतका सैरभैर झालाय की चार जणांनी धरावं लागतंय. ईएसजीईच्या (युरोपातल्या स्कोपीवाल्यांची संघटना) २०२१ आणि २०२२ च्या गाईडलाईन्स आणि व्हेरिसेससाठीचं तज्ज्ञांचं एकमत, बावेनो ७, थोड्याफार फरकानं हेच सांगतात. याशिवाय ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन राहत नाही तो, आणि ज्याला रक्त आतून दाबून धरायला बलून ट्यूब टाकायची वेळ आलीय तो.

मधले पेशंट अवघड असतात. तासाभरापूर्वी एक मोठी उलटी झालेली, आता शांत आहे, थोडा घोळत बोलतोय, हात पसरायला सांगितलं की पंजे फडफडतात. अशा वेळी मी तीन गोष्टी बघतो: खोकायला सांगितलं तर दणकून खोकतो का, तोंडातलं रक्त स्वतः थुंकतो का, आणि स्कोपी किती लांब आहे. शेजारच्या खोलीत असेल तर थांबतो, दोन-तीन तासांचा रस्ता असेल तर माझा कल ट्यूबकडं जातो. आणि जीसीएस (शुद्धीचा स्कोर) ८ च्या खाली जायची वाट बघू नका, तो आकडा अपघाताच्या पेशंटवरून आलाय, इथं पोटभर रक्त आहे.

ट्यूबच्या आधी बीपी

या अख्ख्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. रक्त गेलेला माणूस स्वतःच्या अ‍ॅड्रिनॅलिनवर बीपी धरून बसलेला असतो. आपण झोपेचं औषध दिलं की ते अ‍ॅड्रिनॅलिन गेलं, आणि अंबू (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबायला लागलो की छातीतला दाब वाढून हृदयाकडं येणारं रक्त अजून कमी झालं, दोन्ही एका मिनिटात होतं आणि पेशंट टेबलावर अरेस्ट होतो. नातेवाईकांना दिसतं ते एवढंच की नळी टाकली आणि माणूस गेला.

म्हणून पल्सला वरच्या बीपीनं भागून बघा. पल्स १२० आणि बीपी ९० असेल तर भागाकार १ च्या वर जातो, हा पेशंट ट्यूब टाकताना कोसळणार हे धरूनच चालायचं. ०.९ च्या वर असला तरी सावध राहायचं.

दोन जाड सुया, १६ किंवा १८ नंबर, दोन्ही हातांना. ग्रुपिंग आणि क्रॉसमॅचचं सॅम्पल पहिल्या सुईतूनच काढा, कारण आपल्याकडं रक्ताची पिशवी यायला लागणारा वेळ हाच बहुतेक वेळा सगळ्यात मोठा वेळ असतो, नातेवाईकाला आधी रक्तपेढीकडं पळवा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त आणि ७ ते ८ वर ठेवायचं, हा नियम स्थिर पेशंटसाठी, जो डोळ्यांसमोर शॉकमध्ये चाललाय त्याच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. सिरॉसिसच्या माणसाला सलाईनवर सलाईन ओतू नका, पोर्टल प्रेशर वाढून व्हेरिसेस अजून जोरात वाहतात. आणि आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) वाढलेला दिसला म्हणून नुसता आकडा सुधारायला एफएफपीच्या (प्लाझ्माच्या) पिशव्या लावायची गरज नाही.

लिव्हरचा पेशंट वाटला की स्कोपीची वाट न बघता टर्लिप्रेसिन २ मिग्रॅ चालू करा, दर चार तासांनी. हार्टचा त्रास असेल किंवा सॅच्युरेशन आधीच कमी असेल तर ते टाळून ऑक्ट्रिओटाईड, ५० मायक्रोग्रॅम बोलस आणि मग तासाला ५०. सोबत सेफ्ट्रिॲक्सोन १ ग्रॅम. अल्सर वाटत असेल तर पँटोप्रॅझोल ८० मिग्रॅ. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आपल्याकडं सवयीनं सगळ्यांनाच टोचलं जातं, पण २०२० च्या हॉल्ट-आयटी ट्रायलमध्ये १२ हजार पेशंटवर बघितलं तेव्हा जीव वाचवण्यात फायदा दिसला नाही आणि शिरांमध्ये गुठळ्या मात्र जास्त झाल्या, तेव्हा ते सोडा.

जठर रिकामं करायला एरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ शिरेतून, स्कोपीच्या अर्धा ते दोन तास आधी, हे चांगलं औषध आहे, ईसीजीत क्यूटी लांबलेला नाही ना ते बघून द्या. इंजेक्शन सगळीकडं मिळत नाही, नाही मिळालं तर अडून बसू नका.

बीपी ९० च्या वर आणून मगच पुढं. रक्त देऊनही येत नसेल तर नॉरॲड्रिनॅलिन ट्यूबच्या आधी चालू करा, हाताच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ चालतं, शिरेवर लक्ष ठेवून. शिवाय अ‍ॅड्रिनॅलिनचा १ मिग्रॅचा अँप्यूल १०० एमएल सलाईनमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक एमएलमध्ये १० मायक्रोग्रॅम झालं, त्यातलं १० एमएल सिरिंजमध्ये भरून वर ठळक लेबल लावून ठेवा. बीपी पडलं की अर्धा ते एक एमएल, गरज पडली तर परत. लेबल लावायचं म्हणजे लावायचंच, तशीच दिसणारी सलाईन फ्लशची सिरिंज शेजारी पडलेली असते.

सक्शन, सक्शन आणि परत सक्शन

माझ्या मते अवघड ट्यूब ही बहुतेक वेळा अवघड मानेमुळं नाही तर नीट न ओढणाऱ्या सक्शनमुळं होते. दोन सक्शन पाहिजेत, दोन्ही चालू करून, दोन्ही तपासून. तपासायची साधी पद्धत: वाटीभर पाण्यात टोक बुडवा, पाणी झटक्यात गेलं पाहिजे. गुरगुर आवाज येऊन पाणी हळूहळू चढायलंय म्हणजे कुठंतरी हवा शिरतेय, बाटलीचं झाकण आणि त्याचं रबर बघा, बहुतेक वेळा तिथंच असतं. बाटली आधीच अर्धी भरलेली असेल तर ओतून रिकामी करा, वॉर्डबॉय मामांना सांगून ठेवा की दुसरी बाटली तयार ठेवा.

बारीक सक्शन कॅथेटर इथं कामाचं नाही, पहिल्याच गुठळीला चोंदतं. यांकॉरची कडक कांडी घ्या, आणि तिच्या मुठीवर बोटानं दाबायचं छोटं भोक असतं त्यावर चिकटपट्टी मारून टाका, कारण ऐन वेळी बोट त्यावर नीट बसत नाही आणि ओढ निम्मी होते. कांडीही चोंदली तर ती काढून फेका आणि सक्शनची जाड नळीच थेट तोंडात घाला, दिसायला रांगडं आहे पण गुठळ्या निघतात.

आणि लाईट. लाईट गेली आणि जनरेटर चालू होईपर्यंतचा तो वेळ, तेवढ्यात घसा रक्तानं भरतो. पायानं चालवायची सक्शन मशीन बऱ्याच ठिकाणी स्टोअरमध्ये धूळ खात पडलेली असते, ती आणून टेबलाखाली ठेवा आणि एकाला तिच्यावर उभं करा. भिंतीतलं सेंट्रल सक्शन असलं तरी एक तरी मशीन विजेशिवाय चालणारी पाहिजे.

नातेवाईकांशी बोलणं

यासाठी दोन मिनिटं काढाच. आपल्या भागात एक भीती खोलवर बसलेली आहे, लोक तोंडावर बोलतात, "साहेब, काय बी करा पन नळी नका टाकू, नळीवर गेलेलं मानूस माघारी येत नाही म्हनतेत." हे अडाणीपणा म्हणून झटकू नका. त्यांनी गावात खरंच बघितलेलं असतं, शेवटच्या टोकाला नळी टाकलेली आणि माणूस गेलेला.

मी साधारण असं सांगतो: "दादा, आबांच्या पोटात लई रक्त साचलंय. दुर्बीण घालताना त्यांना उलटी झाली तर ते रक्त छातीत जाईल, मग श्वास बंद पडतो. म्हणून श्वासाची वाट आधी नळी टाकून झाकून घ्यायलोय. दुर्बीण झाली, रक्त थांबलं आणि ते नीट शुद्धीवर आले की नळी काढायची, जमलं तर आजच नाहीतर उद्या." आणि धोका लपवत नाही. "नळी टाकताना बीपी एकदम पडू शकतं, त्याची तयारी आम्ही करून ठेवलीय, पण धोका आहे." नळी तात्पुरती आहे आणि कशासाठी आहे एवढं समजलं की बहुतेक लोक ऐकतात. भीती वाटते ती व्हेंटिलेटर या शब्दाची, कायमचं मशीनवर जाण्याची. घरातला जो निर्णय घेणारा आहे त्याच्याशी बोला, आणि बायकोला किंवा आईला बाहेर उभं ठेवू नका, तिलाही आत घ्या, आजार कधीपासून आहे, दारू किती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ही खरी माहिती बहुतेक वेळा तिच्याकडंच असते.

प्रत्यक्ष ट्यूब

भूलतज्ज्ञ मिळत असेल तर बोलवा, रात्र असली तरी. नसेल तर तिथल्या सगळ्यात अनुभवी हातानं टाकायची, शिकायची ही वेळ नाही.

डोक्याकडची बाजू २० ते ३० अंश वर. नॉन-रिब्रीदर मास्क १५ लिटरवर आणि खालून नाकाची साधी ऑक्सिजन नळी, ही नळी ट्यूब टाकतानाही चालूच ठेवायची. तीन ते पाच मिनिटं भरपूर ऑक्सिजन. बायपॅप लावू नका, उलटी करणाऱ्या माणसाच्या तोंडावर घट्ट मास्क म्हणजे रक्त आत ढकलणं. पेशंट शुद्धीवर आणि ऐकणारा असेल तर नाकातून जठरात जाणाऱ्या जाड रायल्स ट्यूबनं जठरातलं रक्त आधी ओढून काढता येतं. व्हेरिसेस आहेत म्हणून रायल्स घालायचीच नाही असं नाहीये. पण धरपकड करून मात्र नको.

औषधं. केटामीन किलोला अर्धा ते १ मिग्रॅ, शॉकमध्ये अर्ध्याच्या जवळ. इटोमिडेट असेल तर ०.२ च्या आसपास. प्रोपोफॉल इथं ठेवून द्या. मिडाझोलॅमही नको, लिव्हरच्या पेशंटमध्ये तर ते तासन् तास उतरत नाही. स्नायू ढिले करायला रोक्युरोनियम किलोला १.२ मिग्रॅ किंवा सक्सिनिलकोलीन दीड मिग्रॅ. बीपी कमी आहे म्हणून झोपेचं औषध कमी करायचं, पण स्नायूचं कमी करायचं नाही, शॉकमध्ये रक्त हळू फिरतं त्यामुळं ते उलट उशिरा चढतं, पूर्ण एक मिनिट घड्याळात बघून थांबा. अर्धवट ढिला पेशंट लॅरिंगोस्कोपवर (घशात बघायच्या ब्लेडवर) उलटी करतो.

मधल्या वेळात अंबू दाबायचा नाही, हवा जठरात गेली की रक्त वर येतं. सॅच्युरेशन ९० च्या खाली यायला लागलंच तर एअरवे घालून, हलक्या हातानं, छोटे छोटे श्वास. क्रिकॉइड (गळ्याच्या पुढचं कूर्चेचं कडं) दाबायचं का यावर मतभेद आहेत. दाबत असाल आणि दिसत नसेल किंवा उलटी आली तर लगेच सोडा.

आता तोंडात आधी सक्शनची कांडी जाणार आणि तिच्या मागं ब्लेड. जीभ ओलांडताना ओढत ओढत पुढं. एपिग्लॉटिस (श्वासमार्गावरचं झाकण) दिसलं की कांडी ब्लेडच्या डाव्या बाजूला सरकवून टोक अन्ननळीच्या तोंडाशी ठेवून द्यायचं, ती तिथं ओढतच राहते आणि उजवीकडची जागा ट्यूबला मोकळी होते. दुसरी कांडी असिस्टंटच्या हातात. बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लांब लवचीक सळी) पहिल्या प्रयत्नालाच वापरा, रक्तात व्होकल कॉर्ड क्षणभर दिसतात आणि जातात, तेवढ्यात बूजी सरकवता येते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप चांगला, पण कॅमेऱ्याला रक्त लागलं की स्क्रीन नुसती लाल होते, म्हणून नेहमीच्या मॅकिंटॉशसारख्या वाकाचं ब्लेड घ्या म्हणजे थेट डोळ्यानंही बघता येतं.

ट्यूब ७.५ किंवा ८. गेली की पहिला श्वास द्यायच्या आधी कफ (ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा) फुगवा. ट्यूबमध्ये रक्त दिसलं तर आधी बारीक कॅथेटरनं ओढा आणि मग श्वास. कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मशीनची) लाट दिसेपर्यंत ट्यूब बरोबर आहे असं म्हणायचं नाही, गुरगुरणाऱ्या छातीवर स्टेथोस्कोप फसवतो. चुकून अन्ननळीत गेली तर घाईनं ओढू नका, तिचा कफ फुगवून तशीच राहू द्या, रक्त तिच्यातून बाहेर येत राहील आणि दुसरी ट्यूब शेजारून वर घाला. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर एलएमए (घशात बसवायचा मास्क), आणि त्यानंही श्वास जात नसेल तर गळ्याला पुढून छेद देऊन. त्यासाठी ब्लेड, बूजी आणि ६ नंबरची ट्यूब आधीच एका ट्रेमध्ये काढून ठेवलेली पाहिजे, मानेवरची छेद द्यायची जागा पेनानं खूण करून.

स्कोपी चालू असताना आणि नंतर

बायकांना साधारण २१ आणि पुरुषांना २३ सेंटीमीटरवर, तोंडाच्या एका कोपऱ्यात पक्की बांधा, स्कोपीच्या माउथपीसला जागा सोडून. पेशंट डाव्या कुशीवर वळवला की आकडा परत बघा. स्कोप आत-बाहेर होताना ट्यूब सोबत सरकते आणि कॅप्नोग्राफची लाट आधी बदलते, सॅच्युरेशन नंतर, म्हणून एकानं फक्त ट्यूब आणि स्क्रीनच बघायची, त्याला दुसरं काम नाही. कफचा दाब २० ते ३० सेंटीमीटर पाण्याएवढा.

घाईचं म्हणाल तर व्हेरिसेससाठी १२ तासांच्या आत आणि बाकीच्यांसाठी २४ तासांच्या आत स्कोपी, आणि तीही बीपी सावरल्यावर. स्कोपी करणाऱ्याला शेवटी जठर ओढून रिकामं करायला आठवणीनं सांगा. रक्त थांबलंय, बीपी टिकलंय, पेशंट सांगितलेलं करतोय, तर ट्यूब उगाच रात्रभर ठेवू नका, जितकी लवकर निघेल तितका न्यूमोनिया कमी. लिव्हरची गुंगी असेल तर रायल्समधून लॅक्टुलोज चालू करून शुद्ध नीट येईपर्यंत थांबा. पहिल्या दिवसाचा ताप आणि एक्स-रेवरचा डाग हा नुसता फुफ्फुसात रक्त गेल्याचाही असतो, लगेच मोठमोठी अँटिबायोटिक्स बदलत बसू नका.

स्कोपीच नसेल तर

किनवट-माहूरचा पेशंट नांदेडला जाणार, परांड्याचा बार्शी नाहीतर सोलापूरला, आष्टीचा नगरला, पाथरी-सोनपेठचा परभणीला किंवा तिथून पुढं संभाजीनगरला घाटीत (सरकारी मेडिकल कॉलेजात). वर सांगितलेल्या यादीतला पेशंट असेल तर ट्यूब निघायच्या आधी, हलत्या ॲम्ब्युलन्समध्ये नाही. १०८ ला फोन करताना ॲडव्हान्स्ड लाईफ सपोर्टवाली गाडी पाहिजे असं स्पष्ट सांगा. ऑक्सिजनचं गणित करा: बी टाईपचं भरलेलं सिलिंडर साधारण १५०० लिटरचं, मिनिटाला १० लिटर लावलं तर अडीच तास. रस्ता दोन तासांचा असेल तर दुसरं सिलिंडर सोबत घ्या, गेज बघून.

व्हेरिसेसचं रक्त औषधांनी थांबतच नसेल तर सेंगस्टाकेन बलून, म्हणजे आत फुगवून रक्त दाबून धरणारी नळी. श्वासनळीत ट्यूब टाकल्याशिवाय बलून घालायचा नाही. जठरातला बलून आधी थोड्या हवेनं फुगवून एक्स-रेत जागा बघायची आणि मग २५० एमएलपर्यंत, अन्ननळीत असताना फुगला तर अन्ननळी फाटते. बाहेरून ओढ द्यायला ५०० एमएल सलाईनची बाटली बांधली की पुरतं. हा २४ तासांच्या आतला उपाय आहे, तेवढ्यात स्कोपी झालीच पाहिजे.

जिथं पाठवताय तिथं आधी फोन करून भूलतज्ज्ञ आणि स्कोपी करणाऱ्याला कळवा. रेफर चिठ्ठीवर एवढं तरी लिहा: ट्यूब किती वाजता टाकली, कितव्या सेंटीमीटरवर बांधलीय, किती प्रयत्न लागले, झोपेचं आणि स्नायूचं कोणतं औषध किती दिलं, टाकायच्या आधीचं आणि नंतरचं बीपी, टर्लिप्रेसिनचा शेवटचा डोस कधी, किती पिशव्या रक्त दिलं, आणि बलून असेल तर किती हवा आणि किती वाजता फुगवला. सोबत जाणाऱ्या डॉक्टरला किंवा सिस्टरला ती अ‍ॅड्रिनॅलिनची लेबल लावलेली सिरिंज, एक जास्तीची ट्यूब, अंबू आणि पायाची सक्शन हातात द्या, डिकीत नको.